दूध कोणाच्या वाट्याचे?



नेपियर टाउनच्या साप्ताहिक स्वाध्यायात गेले काही महिने एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून येतो आहे. कोणी विचारते, "प्रसादाच्या खिरीत सोयाबीनचे दूध घातले तर चालेल का?" कोणी सांगते, "मुलगी पुण्याहून आली की चहासुद्धा दुधाचा घेत नाही. मग आम्ही इतकी वर्षे गाईचे दूध प्यायलो, ती काय हिंसा झाली?" आणि एखाद्या आजी रागाने म्हणतात, "ज्या घरात गोग्रास काढल्याशिवाय जेवण होत नाही, त्या घराला हिंसा शिकवायला निघालात?"

गंमत अशी, की दोन्ही बाजू अहिंसेचेच नाव घेतात. आजींच्या मनात गाईविषयी कृतज्ञता आहे, मुलीच्या मनात वासराविषयी करुणा आहे. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात हा तिढा बसला आहे, म्हणून आज त्याचा नीट अभ्यास करू.

वसुबारसेला आपण काय पाळतो

आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस, तुमच्या घरी पाळत असतील. सवत्स गाईची पूजा होते. त्या दिवशी अनेक घरांत बाया गहू-मूग खात नाहीत, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. आणि गाईचे दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य असतात. का? आपण सहसा विचारत नाही. दिवाळीचा पहिला दिवा गाय-वासराच्या जोडीपुढे लागतो आणि नेमके त्याच दिवशी दूध घ्यायचे नाही, यात एक जुनी कबुली आहे: दूध मुळात वासराचे आहे, आपण ते मागून घेतो. वर्षातून एक दिवस मागायचेही नाही.

आपण जबलपूरला राहतो, म्हणजे गोंडवनात राहतो. इथून दक्षिणेला बस्तर आणि पूर्वेला छोटा नागपूर या भागांतील अनेक आदिवासी समाजांत गाय पाळायची, बैल नांगराला जुंपायचे, पण गाय दुहायची नाही, अशी रीत होती. दूध वासरासाठी आहे, एवढे साधे कारण. म्हणजे दूध न पिणे ही पुण्या-बंगळूरच्या मुलांनी परदेशातून आणलेली टूम आहे, असे म्हणता येत नाही.

आपल्या जुन्या घरांतही मर्यादा होती. वासराला आधी पाजायचे, गाईने पान्हा सोडला की मग दुहायचे, आणि काही दूध आचळात तसेच ठेवायचे. व्याल्यावरच्या पहिल्या दिवसांचा चीक हा वासराचा प्राण. त्यातूनच त्याला रोगांशी लढण्याची शक्ती मिळते. वासरू पोटभर पिऊन उरला तर खरवस. आज मात्र खरवस बाराही महिने दुकानात मिळतो. इतका चीक रोज कुठून उरतो, हा प्रश्न खरवस खाताना एकदा तरी मनात यायला हवा.

एका व्रताची गोष्ट

या विषयावर आपल्या देशात सर्वांत प्रामाणिक झगडा कोणी केला असेल तर तो गांधीजींनी. कलकत्त्याकडून त्यांच्याकडे काही वाङ्मय आले होते. गाई-म्हशींकडून जास्त दूध काढण्यासाठी गवळी 'फूका' नावाचा क्रूर प्रकार कसा करतात, याचे त्यात वर्णन होते. ब्रह्मचर्याच्या दृष्टीनेही दूध सोडावे, असे त्यांना वाटत होतेच. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी दूध सोडले.

पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना ते मुख्यतः दाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर राहत होते. त्यांना जबरदस्त आमांश झाला. शरीर इतके खंगले की आता मरण आले, असे त्यांना वाटले. मुंबईला डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, माझे व्रत आहे. कस्तुरबा जवळच होत्या. त्यांनी विचारले, तुमचे व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे ना? मग शेळीच्या दुधाला काय हरकत?

गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. पुढे आत्मकथेत त्यांनी जे लिहिले ते आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. व्रत घेताना माझ्या मनात गाय-म्हैसच होती हे खरे, पण व्रताचा आत्मा सर्वच प्राण्यांच्या दुधाला लागू होता. मी अक्षर पाळले आणि आत्मा मारला, अशी कबुली त्यांनी दिली. शेळीच्या दुधाचे स्मरण त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिले. दुधाची जागा घेईल असा वनस्पतीजन्य पदार्थ कोणा वैद्याला ठाऊक असेल तर कळवावा, अशी विनंतीही त्यांनी वाचकांना केली.

या कथेवरून कोणी म्हणेल, "बघा, गांधीजींनासुद्धा दूध घ्यावेच लागले." दुसरा म्हणेल, "बघा, त्यांनाही ते चुकीचे वाटत होते." दोघेही अर्धीच गोष्ट वाचतात. मला यातली तिसरी गोष्ट मोठी वाटते: जगण्यासाठी त्यांनी तडजोड केली, पण तिला तडजोडच म्हटले. तिला शास्त्राचा आधार चिकटवला नाही.

त्याच गांधीजींनी पुढे वर्ध्याला दोन्ही दिशांनी प्रयत्न केले. १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीनचा आहारात प्रयोग झाला, आणि बडोदा संस्थानाने सोयाबीनविषयी काढलेली माहिती त्यांनी 'हरिजन'मध्ये छापली. दुसरीकडे जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेला वाहिले. ते ११ फेब्रुवारी १९४२ रोजी गेले. वर्ध्याचे गोरस भांडार आणि तिथला गोरसपाक आजही आपल्या विदर्भातल्या नातेवाइकांच्या पिशवीतून इथे येतो. त्या गोसेवेत दुधाइतकाच विचार बैलाच्या कष्टाचा, शेणखताचा आणि नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराच्या चामड्याचाही होता. वर्ध्याजवळ नालवाडीला असे चामडे कमावले जाई. कारण हिशेब सरळ होता. गाईचे सगळे जीवन उपयोगी ठरले तरच तिचे वासरू कोणाला ओझे होणार नाही.

भाकड गाय, नर वासरू आणि परियट नदी

तो हिशेब आज मोडला आहे. नांगराला ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले. भारत १९९८ पासून जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे. २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टन दूध निघाले. दूध मिळण्यासाठी गाय-म्हैस दर दीड-दोन वर्षांनी व्यावी लागते, आणि त्यात निम्मे नर जन्मतात. गोऱ्ह्याचे काय करायचे? मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, म्हणून पुष्कळदा तो सोडून दिला जातो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांहून अधिक मोकाट गुरे मोजली गेली. पावसाळ्यात रात्री महामार्गावर बसलेली ती गुरे तुम्ही पाहिली आहेत. त्यांतली कित्येक आपल्याच चहाची भावंडे आहेत, असे म्हटले तर राग मानू नका.

म्हशीचे आणखी वेगळे. आपल्याकडे जबलपूरला येणारे बरेचसे दूध म्हशीचेच असते. म्हशीला गोवंशाच्या कायद्याचे संरक्षण नाही. रेडकू बहुधा उपाशी राहते किंवा खाटकाकडे जाते, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे आहेत, असे समजून आपण शाकाहाराचे समाधान मानतो. पण म्हैस भाकड झाली की दोन्ही धंद्यांचा रस्ता एक होतो. रेडकू मेले तर म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही ठिकाणी त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवतात, किंवा ऑक्सिटोसिनची सुई देतात. फूका आणि जनावराला अपाय करणारी अशी इंजेक्शने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरली आहेत. तरीही ती थांबलेली नाहीत.

आणि परियट नदी. तिच्या काठच्या डेअऱ्यांतून शेण-मूत्र नदीत जाते, हा वाद उच्च न्यायालयात आणि हरित लवादात गेला. परियट हिरनेला मिळते, हिरन नर्मदेला. आपण ग्वारीघाटावर नर्मदामाईची आरती करतो, दुधाचा अभिषेक करतो. त्याच दुधाच्या मागचे शेण दुसऱ्या वाटेने तिच्याकडे निघालेले असते. शेण ही घाण नाही. शेतात गेले तर ते सोने आहे. पण शेकडो म्हशी एका नदीकाठी आणि शेते दुसरीकडे, असे झाले की सोन्याची घाण होते.

एवढे वाचून लगेच दूध सोडण्याचा निश्चय करू नका. दुसरी बाजूही अशीच तपासायला हवी.

जबलपूरचे सोयाबीन

गांधीजींनी ज्या पदार्थाची विचारणा केली होती, त्याचे उत्तर काही अंशी आपल्याच गावातून गेले, हे पुष्कळांना माहीत नसते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने मध्य भारतात सोयाबीन रुजवले. त्याआधी इथे काळ्या दाण्याचे 'कालीतूर' सोयाबीन थोडेफार पिकत असे. विद्यापीठाने दिलेले 'जे.एस. ३३५' हे वाण विदर्भ-मराठवाड्यात इतके पसरले की लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला जबलपूर ठाऊक नसेल, पण 'तीनशे पस्तीस' पक्के ठाऊक असते.

आणि या सोयाबीनचे आपण काय केले? तेल काढून घेतले, आणि उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांना, गुरांना आणि परदेशाला दिली. माणसाच्या ताटात त्यातले फार थोडे येते. वनस्पतीजन्य दूध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बदामाचे चकचकीत पाकीट येते. भारतात येणारा बराचसा बदाम कॅलिफोर्नियाचा, म्हणजे समुद्रापलीकडचा. पाकिटामागचे घटक वाचले तर त्यात बदाम अगदी थोडा आणि पाणीच जास्त असल्याचे दिसते. दोनशे मिलिलिटर पांढऱ्या पाण्यासाठी इतके पैसे देणे ही मला साधना वाटत नाही. ज्याला खरोखर दूध कमी करायचे आहे त्याने गोलबाजारातून पाव किलो सोयाबीन आणावे.

शब्दावरूनही वाद आहे. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या पाकिटांवरून 'दूध' हा शब्द काढायला लावला. नारळाच्या दुधासारखे रूढ शब्द तेवढे वगळले. आपल्या भाषेला यात नवल नाही. कोकणात शिरवाळ्यांबरोबर नारळाचा गोड रस असतो, नारळाच्या दुधाशिवाय सोलकढी होत नाही. आणि 'चीक' हा शब्द तर आपण व्यालेल्या गाईलाही वापरतो आणि कुरडयांसाठी भिजवून वाटलेल्या गव्हालाही. धान्य भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, ही आपल्या आजींचीच विद्या आहे.

शरीराचा हिशेब

इथे भावनेपेक्षा आकडे उपयोगी. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३.२ ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोयाबीनच्या दुधात प्रथिने जवळजवळ तेवढीच, सुमारे ३ ग्रॅम. बदामाच्या पाकिटात बहुधा अर्धा ग्रॅम, ओटच्या दुधात एक ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम मात्र यांपैकी कशातच पुरेसे नसते. कंपनीने वरून घातले असेल तरच. ते नाचणीतून मिळू शकते (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम), तिळातून, राजगिऱ्यातून आणि पालेभाज्यांतून काही प्रमाणात.

सर्वांत नाजूक गोष्ट जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतीत नसते. आपल्यासारख्या मांस-अंडी न खाणाऱ्या घरांत दूध-दही हाच त्याचा जवळजवळ एकमेव आधार. एका मोठ्या पेल्यातून अंदाजे १ मायक्रोग्रॅम मिळते आणि मोठ्या माणसाला दिवसाला २ ते अडीच लागते, म्हणजे दूध पिणाऱ्यांनाही ते पुरतेच असे नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. "सात्त्विक जीवनात गोळी कशाला?" असे म्हणून हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबणे ही श्रद्धा नव्हे.

तान्ह्या बाळाबद्दल कोणताही प्रयोग नको. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. वर्षाच्या आतल्या बाळाला सोयाबीनचे, बदामाचे किंवा तांदळाचे घरगुती दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये. गाईचे दूधही मुख्य आहार म्हणून नाही. वाढती मुले, गरोदर व स्तनदा माता, आणि ज्यांना जेवणच जात नाही अशा वृद्धांवर आपले व्रत लादू नका. आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीनचे दूध गोळीच्या जवळपास घेऊ नये, काही तासांचे अंतर ठेवावे.

काहींना दूध पचत नाही, पोट फुगते. त्यांना दही किंवा ताक सोसते का ते आधी पाहावे, कारण विरजणाने दुधातली साखर बरीच मोडलेली असते.

घरी करायचे असेल तर

१०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर, आठ-दहा तास, भिजत घाला. सकाळी चोळून साले काढा. मग दाणे उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवा. याच पायरीने तो कच्चट वास जातो आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात, मग म्हणतात सोयाबीनचे दूध पिववत नाही. गरम पाण्याबरोबरच बारीक वाटा, एकूण पाऊण लिटर पाणी पुरते, आणि पंचातून पिळून घ्या. शेवटी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ढवळत उकळा. हे टाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच मोडतात. भांडे मोठे घ्या, हे दूध गाईच्या दुधापेक्षाही लबाडीने उतू जाते. वेलची आणि चिमूटभर मीठ घातले की चव बसते. चोथा थालीपिठाच्या भाजणीत मळावा.

चहाला ते जरा फाटते. खीर, लापशी, कढण यांना चांगले. उपवासाला मात्र सोयाबीन कडधान्य म्हणून चालणार नाही. तिथे नारळाचे किंवा शेंगदाण्याचे दूध आहे.

प्रसादाबद्दल विचारले होते. पंचामृतात दूध, दही, तूप यांची जागा परंपरेने ठरलेली आहे. तिथे एका चमच्याने कोणाची हिंसा कमी-जास्त होत नाही, ते तसेच राहू द्यावे. पण शंभर माणसांच्या भंडाऱ्याला बासुंदीच हवी का, हा विचार जरूर करावा. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटते. कमानिया गेटची खव्याची जिलेबी जबलपूरचे भूषण आहे, मलाही आवडते. पण दूध कमी करायचे तर लहान मुलाच्या पेल्यापासून सुरुवात करण्याऐवजी या जिलेबीपासून, पनीरच्या भाजीपासून आणि दिवसाच्या चौथ्या चहापासून करणे अधिक न्याय्य आहे.

या आठवड्याचा स्वाध्याय

घरातले सगळे एकत्र बसा. आजी आणि नात दोघींनाही बोलू द्या, मध्ये तोडू नका. आठवडाभराचे दूध, दही, पनीर, मिठाई लिहून काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: गरज, सवय की हौस. सवय आणि हौस यांतले किती कमी करायचे ते घराने ठरवावे, केंद्राने नाही. कोणी पूर्ण सोडणार असेल तर त्याने व्रताचे शब्द कागदावर स्पष्ट लिहावेत: तुपाचे काय, बिस्किटातल्या दूध भुकटीचे काय, आजारपणात काय. गांधीजींच्या व्रतात जी फट राहिली ती याच ठिकाणी होती.

आणि जे दूध घेत राहतील त्यांच्यासाठी एक काम. तुमचे दूध ज्या डेअरीतून येते तिथे एका सकाळी जाऊन या. आधी फोन करून जा, परीक्षक होऊन जाऊ नका. तो माणूस पहाटे तीनला उठलेला असतो आणि त्याच्याही अडचणी असतात. वासरू किंवा रेडकू गोठ्यात दिसते का ते पाहा. व्याल्यावर किती दिवस चीक त्याला पाजता, सुई कधी देता, भाकड जनावर कुठे जाते, शेण कुठे जाते, हे विचारा. जो गवळी या प्रश्नांची सरळ उत्तरे देतो आणि नर वासरूसुद्धा जगवतो, त्याच्या दुधाला लिटरमागे दहा-पंधरा रुपये जास्त पडले तर ते देण्याची घराची तयारी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. मिळालेली उत्तरे लिहून पुढच्या रविवारी केंद्रावर आणा, म्हणजे शेजारच्या घरांनाही डेअरी निवडताना उपयोग होईल.